खुर्चीवरचं काटेरी बोंड

इंग्लंडातल्या डर्बिशरमध्ये पाऊस पडतोय म्हणून कुणी घरी बसत नाही. बसायचं ठरवलं तर जन्म घरातच जायचा. मॉरीन आणि क्लाइव्ह हे म्हातारं जोडपंही रविवारी गाडी काढून लोकांना बघायला खुली ठेवलेली जुनी, मोठाली घरं बघायला निघालं. पहिल्या घराच्या आवारात त्यांनी बंद गाडीत बसूनच थर्मासमधला चहा आणि काकडीचे सँडविच संपवले. याला ते सहल म्हणतात.

मॉरीनच्या मनात मात्र धाकधूक होती. तिची नजर मधोमध विझत चालली होती. समोर नुसता डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांचं बोलणं तिने क्लाइव्हपासून लपवलं होतं. त्याला कळलं असतं तर त्याने तिला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, आणि तिला ही घरं एकदा डोळे भरून बघायची होती.

आणि काय घरं ती! एका घरातला लाकडी जिना कित्येक पिढ्यांच्या पावलांनी खोलगट झालेला. दुसऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत खिडक्याच. काचांवरून पाणी ओघळत होतं आणि अख्खी भिंत हलत असल्यासारखी वाटत होती. मॉरीन मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. माणसाच्या हातांनी हे केलं, या विचाराने तिला भरून आलं. एरवी मुखदुर्बळ असलेला क्लाइव्ह आज प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. लोक बघतायत, जरा हळू, असं तिने त्याला दोनदा सुनावलं.

तिसऱ्या घरातल्या दालनात तिचे पाय दुखले. भिंतीपाशी खुर्ची होती, ती बसली आणि कळवळून उठली. ज्या खुर्चीवर बसायचं नाही, तिच्यावर अशा घरांत वाळलेलं काटेरी बोंड ठेवतात. इथल्या पोरासोरांनाही ते ठाऊक असतं. मॉरीनने सवयीने आधी खुर्चीचीच माफी मागितली. आपलं बिंग फुटलं, हे तिला नंतर कळलं.

दालन सांभाळणाऱ्या बाई लगबगीने आल्या. क्लाइव्ह मात्र शेजारच्या खुर्चीपाशी गेला, तिच्यावरचं बोंड नीट निरखलं आणि त्यावरच बसला.

"अहो, दिसत नाही का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नाही दिसलं. माफ करा," म्हणत तो उठला. बाईंनी दोघांकडे बघितलं आणि बसायला साधं बाक दाखवलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" बाकावर बसल्यावर मॉरीनने विचारलं.

"तू कपाबाहेर चहा ओतायला लागलीस तेव्हापासून. म्हटलं, सांगशील तेव्हा सांगशील."

मॉरीनचे डोळे वाहू लागले. तिने त्याचा हात धरला आणि मान कलती करून वर बघितलं. पांढऱ्या छतावर चुन्याची नक्षी पसरली होती.

"कडेची वेल दिसतेय मला," ती म्हणाली. "मधलं तू सांग."