माहेरचा ताप

मित्रांनो, मी ज्या काचेच्या नळीत पडून आहे, तिच्यावर एका बाईचे नाव आहे. ती बाई आता नाही. मी तिच्या रक्तातले एक जुने प्रथिन. मला प्रतिपिंड म्हणतात.

ती लहान असताना तिच्या गावात डास फार होते. मलेरियाने तिचा धाकटा भाऊ गेला, ती कशीबशी वाचली. त्या तापातच आमची जात जन्मली. जंतू तांबड्या पेशी फोडून बाहेर पडले की आम्ही त्यांना चिकटायचो आणि पांढऱ्या पेशी त्यांना गिळायच्या. आमच्यातले एकेक लवकर संपे, पण डास चावत राहत आणि शरीर नवे घडवत राही. पुढे ताप आला तरी चार दिवसांत उतरे. "पोरीचं रक्त खमकं आहे," तिची आई म्हणायची.

लग्नानंतर ती डास नसलेल्या थंड शहरात गेली. तिथे आम्हाला काम उरले नाही. शरीराने आम्हाला घडवणे कमी केले. आम्ही मोजकेच उरलो. हे तिला कुठून कळणार?

बऱ्याच वर्षांनी, आई आजारी पडली म्हणून ती मुलीला घेऊन माहेरी राहून आली. परतल्यावर हुडहुडी भरून ताप आला.

"चल, रक्त तपासून येऊ," नवरा म्हणाला.

"अहो, हा माझा माहेरचा पाहुणा. चार दिवस राहील नि जाईल."

"मग पाहुण्याला चहा टाकू का?"

"टाका. साखर जास्त घाला."

त्याने हसत चहा ठेवला. आम्ही आत झुंजत होतो, पण एकाला धरावे तर शंभर निसटत. ताप मेंदूत गेला. ती नवऱ्याला ओळखेना. दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता.

"पण तिला लहानपणी होऊन गेला होता ना, डॉक्टर?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"ती ताकद कायमची नसते हो. डास चावायचे थांबले की ओसरते."

आज माझ्या शेजारच्या खाचेत नवी नळी आली. त्यांच्या मुलीची. आईच्या पोटात असताना मिळालेली आमची भावंडे तिच्या पहिल्या वर्षातच संपली. या नळीत माझ्या ओळखीचे कुणी नाही. अंग जरा कोमट लागले, तसा बाप तिला खांद्यावर टाकून धावत आला.

"बाबा, मी चालते ना!"

"गप बस."

"जंतू आहेत," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "पण थोडेच. वेळेवर आणलंत."

तो तिथेच जमिनीवर बसला.

मित्रांनो, आमच्या भरवशावर राहू नका. रक्ताची आठवण कच्ची असते. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. चहा मागाहून टाका.