काकांच्या वाट्याची माती

आमचे आबा, म्हणजे भिमाजी, फार साधे आहेत असं अख्खी चऱ्होली म्हणते. मी त्यांची मुलगी उत्कर्षा, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, आणि माझ्या मते साधेपणालाही काही मर्यादा असते.

आमच्या आठ एकर माळावर आबांच्या अकरा गाई चरतात. त्यातला अर्धा माळ आबांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे दादासाहेब काकांचा, मधे फक्त एक बांध. आजूबाजूला बिल्डिंगा उठल्या तशी काकांना सगळा माळ विकायची घाई झाली. मी हातापाया पडून तीन वर्षं मागून घेतली. दोन्हीकडे पट्टे पाडले. एका पट्ट्यात गाई दोन दिवस, मग त्याला दीड महिना विश्रांती. गवत वाढतं, मुळं खोल जातात आणि हवेतला कार्बन सेंद्रिय कर्ब होऊन मातीत राहतो. काकांची अट एकच होती, "कर्ब वाढला तर गाया ऱ्हातील. न्हाई तर प्लॉट."

तिसरं वर्ष संपताना माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या विजयश्री मॅडम नमुने घ्यायला आल्या. मी त्यांना आणि काकांना घेऊन माळावर गेले आणि बघते तर काय, समोर शेणखतच शेणखत!

"आबा, हे काय केलंत?"

"पावणं येनार म्हनल्यावर घर सारवतो का न्हाई? मग रान तसंच दावायचं? दोन ट्रॉल्या टाकल्या काल."

मी कपाळावर हात मारला. मॅडम म्हणाल्या, "नुकतं खत पडलेल्या जागेचा नमुना चालत नाही. आकडा खोटा येईल."

काका मिशीत हसले. आबांचं तोंड एवढंसं झालं. चांगलं फैलावर घेणार होते मी त्यांना, पण ते तोंड पाहून मलाच रडू आलं.

"खत न पडलेली जागा आहे का कुठे?" मॅडमनी विचारलं.

"हाय की, बांधापल्याड," आबा हळूच म्हणाले. "त्यो दादाचा वाटा. त्याला न इचारता त्याच्या रानात कसं टाकू?"

मॅडम बांध ओलांडून गेल्या आणि पंधरा ठिकाणची माती घेऊन आल्या.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी शिफ्ट संपवून तडक माळावर गेले. काका आधीच येऊन बसले होते. मी वाचून दाखवलं, "तीन वर्षांपूर्वी तुमच्या वाट्यात कर्ब पॉइंट चार दोन टक्के होता. आता पॉइंट सहा एक. वाढला, काका!"

आबांना आकडे कळले नाहीत, पण 'वाढला' बरोबर कळलं. जवळच्या गाईच्या पाठीवर थाप मारून ते खुळ्यासारखे हसत राहिले.

काकांनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग आबांवर खेकसले,

"दोन ट्रॉल्या आपल्या रानात, आन् सख्ख्या भावाच्या वाट्याला एक पाटीबी न्हाई व्हय, आबा? उद्याच्याला माझ्याकडंबी टाकायचं."