मधले चार महिने

सत्तर सालच्या वैशाखात, सुदुंबऱ्याला रतनबाईच्या पडवीत बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं आणि शालन स्वीडनमधला एक खून वाचून दाखवत होती.

शालन सोमाटण्याच्या शाळेत शिकवायची. लोणावळ्याच्या रद्दीवाल्याकडून तिने एक इंग्रजी कादंबरी आणली होती. हॉटेलात उतरलेल्या कुणा पाहुण्याने टाकून दिलेली. मूळ स्वीडिश, तिथून इंग्रजीत, आणि आता शालनच्या हातून मराठीत. पुण्याचे प्रकाशक खासनीस ती छापायला तयार होते, पण एका अटीवर. "यातले पोलीस नुसते हिंडतात नि वाट बघतात," ते म्हणाले होते. "वाचक जांभया देईल. दीडशे पानांत बसवा, पावसाळ्यात काढू." शालनचं नाव पहिल्यांदाच पुस्तकावर येणार होतं. तिने मधली पानं काढून घरी ठेवली. मंगळवारी गठ्ठा पुण्याला पोचवायचा, त्याआधी कुणाच्या तरी कानावरून जाऊ दे, म्हणून रविवारी ती आत्याकडे, रतनबाईकडे आली.

शेंगा फोडताना हात गुंतलेले असतात, कान मोकळेच. रतनबाई, शेजारचे भिमाजीआबा आणि डोंगरावरच्या ठाकरवाडीतून मजुरीला आलेली हिरी, तिघं ऐकत होती. गोठलेल्या तळ्याच्या काठी, लाकडी खोपटात एका पोस्टमनचा मुडदा सापडला, तेव्हा शेंगांचा कटकट आवाज थांबला.

"तळं गोठलं म्हंजी?" हिरीने विचारलं.

"पाण्याचा दगड होतो. माणसं वरून चालतात."

"आन् मासं?"

"ते खाली, पाण्यात."

हिरीच्या डोळ्यांपुढून ते मासे लवकर हलेनात. शालन पुढे वाचू लागली. फौजदार आला, नाव अर्विद, दाढ दुखणारा. त्याने खोपट बघितलं, दारावरचा बर्फ बघितला, आणि परत गेला.

"पंच कुटं हायेत?" भिमाजीआबांनी विचारलं. नदीच्या डोहात सापडलेल्या एका मुडद्याच्या पंचनाम्याला ते पंच होते. तेव्हापासून पोलिसांचा कारभार त्यांना घरचाच वाटायचा.

"तिकडे पंच नसतात, आबा."

"मग फौजदार लिवल त्येच खरं? आन् अजून एकाच्याबी मुस्काटात दिली न्हाई त्यानं."

"तो मारत नाही."

"मग त्यो फौजदार न्हवं. मास्तर असंल."

"मास्तर मारत न्हाईत व्हय?" रतनबाई म्हणाली. "तुमच्या पाठीला इचारा की."

हसणं ओसरल्यावर शालनने पान उलटलं. "चार महिने गेले. बर्फ वितळला आणि पोस्टमनची सायकल सापडली."

"थांब थांब," भिमाजीआबा म्हणाले. "चार म्हैने गेले म्हंजी? फौजदार कुटं व्हता?"

"चौकशी करत होता."

"कुनाची?"

"सगळ्यांची. पुढे ऐका ना, आता खुनी सापडणार आहे."

"एवढ्यात?" रतनबाईने टोपलं बाजूला सारलं. "आत्ताशी तर पोस्टमन मेला."

"आमच्या वक्ताला फौजदार किती खेपा घालून गेला," भिमाजीआबा म्हणाले. "दर खेपेला त्येच इचारायचा. मला मागनं आठवलं, त्यो डोहातला मानूस आदल्या दिशी चपला हातात घिऊन चाललावता."

"आदी का न्हाई सांगितलं?" रतनबाईने विचारलं.

"आदी आठवलंच न्हाई, त्येला काय करू?"

हिरीने हातातली शेंग खाली ठेवली. "ताई, पोस्टमनला बायकू व्हती न्हवं? ती कुटं गेली?"

बायको काढलेल्या पानांत होती. दर गुरुवारी ती पोलीस चौकीत यायची, बाकड्यावर बसायची, काही न विचारता उठून जायची. खुनाच्या उलगड्याशी तिचा काही संबंध नव्हता, म्हणूनच शालनने तिला सगळ्यांत आधी काढलं होतं.

इंग्रजी पुस्तक पिशवीत होतं. शालनने मराठी कागद मांडीखाली दाबले आणि इंग्रजीतून थेट तोंडी सांगायला सुरुवात केली. अर्विद तळ्याकाठच्या प्रत्येक घरी जातो. प्रत्येक घरी कॉफी. प्रत्येक घरी तोच प्रश्न.

"दाढ दुखतीया आन् वर एवढी कॉफी," रतनबाई कळवळली. "घरी कोन हाय का न्हाई त्येला?"

भिमाजीआबांनी संशय धरला तो होडीवाल्यावर. का, तर तो फार गोड बोलतो. होडीवाला निर्दोष होता, पण शालनने ते सांगितलं नाही. हिरीचं एकच चाललं होतं. प्रकरण बदललं की विचारायची, "गुरवार आला का?"

उन्हं उतरली तेव्हा खुनी मोकळाच होता. भिमाजीआबा धोतर झटकत उठले. "लय लांबन लावलंय," ते म्हणाले. "म्होरल्या ऐतवारी दुपारच्यालाच ये."

सोमाटण्याला जाऊन शालनने काढलेली पानं जागच्या जागी घातली. मंगळवारी खासनिसांनी गठ्ठ्याची जाडी बघितली आणि मान हलवली.

"हे मी छापणार नाही, शालनबाई. मधली पानं काढा, बाकीचं उद्याच छापखान्यात पाठवतो."

पानं तिच्या हाताशीच होती. उचलली की पुस्तक झालंच. तिने गठ्ठा आपल्याकडे ओढला.

"नाही काढत."

"का?"

"त्यात पोस्टमनची बायको आहे."

"खून तिने केलाय?"

"नाही."

"मग कोणी केलाय ते तिला ठाऊक आहे?"

"नाही. ती दर गुरुवारी चौकीत येते."

"कशाला?"

"बसते."

"नुसती बसते? आणि फौजदार काय करतो?"

शालन उठून सुतळी बांधू लागली होती. खासनिसांनी टेबलावरची मुद्रितं बाजूला सारली.

"छापणार नाही, हे ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "पण बसा. तेवढं वाचा."

शालनने गाठ सोडली आणि ती पहिला गुरुवार शोधायला लागली.