तीन वाजताचा श्वास

ज्या इंजिनाची ही हकिगत आहे, त्याचा जोर एका कोऱ्या कागदाच्या वजनाइतका होता. वायूला विजेच्या बळाने पेटवून त्याचा निळसर, झळाळता प्लाझ्मा करावयाचा व तो मागे फेकून अवकाशयान पुढे ढकलावयाचे, एवढेच त्याचे कार्य. वर अडवणारे कोणी नसल्यामुळे एवढासा जोरही पुरतो, असे ताईंनी मला समजाविले होते. ताई म्हणजे वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेतील संशोधिका. त्या विद्यार्थिनी होत्या तेव्हापासून, बारा वर्षे, त्यांच्या इंजिनाचा प्रत्येक भाग मी खालच्या वर्कशॉपमध्ये लेथवर कातून दिला.

या बारा वर्षांत त्यांची नोकरी काही पक्की झाली नव्हती. ती पक्की करावी की नाही, हे ठरविण्यास, मी सांगतो त्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी समिती येणार होती. तथापि ताई आनंदात होत्या. निर्वात टाकीत, जोर मोजणाऱ्या नाजूक तराजूला टांगलेले इंजिन गेले तीन आठवडे कामाच्या दिवशी दुपारी तीनला आपोआप अधिक जोर लावीत होते. आलेखाची रेघ तेव्हा थरथरून वर चढे. त्यास त्या ‘श्वास’ म्हणत.

मी नवी कडी देण्यास वर गेलो, तेव्हा आलेखाची लांब पट्टी भिंतीवर चिकटविलेली होती.

“बघा काका, कसा दम भरतंय! जगात कुणाचं इंजिन असं करत नाही.”

“मग हे मधेच सपाट का?”

“तो गुरुवार. रुसलं असेल. तुमच्यावरच गेलंय.”

माझी जीभ आपसूक दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात गेली. गुरुवारी मी दाढ काढावयास गेलो होतो. आणि मोठे लेथ मी रोज तीनलाच सुरू करतो.

मी जिना उतरू लागलो. अकरा पायऱ्या उतरलो आणि तितक्याच पुन्हा चढलो.

“ताई, तो श्वास माझा आहे.”

“काय?”

“माझ्या लेथचा. जमीन हादरते. गुरुवारी मी नव्हतो, तर तोही नव्हता.”

“काहीतरीच काय, काका!” असे म्हणून त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “खाली जा. सुरू करा.”

मी फोन खांद्याशी दाबून लेथ सुरू केले. “बंद,” त्या म्हणाल्या. “सुरू. बंद.” नंतर फोनमधून आलेखाचा कागद ओढल्याचा आवाज आला. आणि मग त्या हसल्या. ते निव्वळ हसणेच होते असे मी शपथेवर सांगणार नाही.

“बारा वर्षं भाग दिलेत, आता ढकलायलाही तुम्हीच!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी उतरविली नाही. समितीस स्वतः होऊन सर्व सांगितले आणि मला लेथ सुरू करावयास लावले. समितीतील वृद्ध प्राध्यापक ताईंबरोबर खाली आले व यंत्रावर तळहात ठेवून उभे राहिले.

“ज्या तराजूला एका मजल्याआडून हे कळतं,” ते ताईंना म्हणाले, “तो कागदाचं वजन चुकणार नाही. आणि तुम्ही ते लपवलं नाहीत.”

महिन्याने नेमणुकीचे पत्र आले. ते हाती घेऊनच ताई वर्कशॉपमध्ये आल्या. मला वाटले, आता डोळे पुसावे लागणार.

“काका, सोमवारपासून आठ दिवसांची चाचणी आहे,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “आणखी एखादी दाढ दुखतेय का हो?”