ज्या वर्षी भोंगा गप्प होता

जरा मान वर करा, मित्रांनो. नाही, नाही, तो टाकीवरचा कावळा नव्हे. त्याच्या शेजारी बघा. पंचायतीच्या गच्चीवर लोखंडी नळीला तारेने आवळून बांधलेला, एका बाजूने चेपलेला, रंगाचे पोपडे निघालेला जो दिसतोय ना, तो मी. या गावाचा भोंगा. माझं वय झालंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. कुजबुजणं मला जन्मात जमलं नाही, तेव्हा जे काही सांगायचं ते मी मोठ्यानेच सांगणार.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती साच्यावर दाबून दाबून मला असा तोंड वासलेला आकार दिला, आणि आत एक पातळ पडदा बसवला. तोच माझा गळा. तपासणाऱ्या कामगाराने माझ्यातून "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं आणि शेजारच्या बाकावर स्क्रू मोजणारी बाई अशी दचकली की सगळे स्क्रू जमिनीवर! तिने मला दोन शिव्या हासडल्या. मला मात्र भारी मजा वाटली. आपण बोलण्यासाठीच जन्माला आलोय, हे मी तेव्हाच ओळखलं.

या गावात मला आणलं तेव्हा केवढं कौतुक झालं म्हणून सांगू! पटांगणात ही गर्दी. मला वर चढवलं, खाली खोलीत माईक ठेवला, आणि बोलायचं काम शिपाईमामाकडे आलं. पंचायतीची झाडलोट, टपाल, पाण्याच्या टाकीची देखरेख, सगळं तोच बघायचा. त्यात हे एक. माईकवर फुंकर मारायची, घसा खाकरायचा आणि मग "गावकऱ्यांनो, ऐका!" असं म्हणायचं, ही त्याची रीत. मग त्याच्या घशातून आणि माझ्या तोंडातून गावाची खबरबात बाहेर पडायची. उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. बाळांना लस टोचायला नर्सबाई शाळेत आल्या आहेत. एका कानाची काळी शेळी सापडली आहे, ज्याची असेल त्याने ओळख पटवून न्यावी.

एकदा मामा माईक बंद करायला विसरला, आणि बायकोच्या भाजीत रोज मीठ कसं जास्त असतं, हे त्याचं गाऱ्हाणं मी गावभर ऐकवलं. त्या दिवशी मामा जेवायला घरी गेलाच नाही. मी तरी काय करणार? माझ्या पोटात काही राहत नाही.

पंचायतीसमोरच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे. तिथे शिवणआजी राहते. तिचा मुलगा परगावी मोठा मालट्रक चालवतो, म्हणून ती एकटीच असते. ओसरीवर पायाची शिलाई मशीन मांडून तिने या गावातल्या तीन पिढ्यांचे शाळेचे कपडे शिवले. आणि गंमत म्हणजे, ती मला उत्तर द्यायची! मी ओरडलो की मशीनचं चाक थांबवायची आणि म्हणायची, "हं, कळलं. कान फाडू नकोस." मिठाच्या प्रकरणानंतर तर मामा दिसला की तिचं ठरलेलं असायचं: "काय रे, आज मीठ कसं होतं? का भोंग्यालाच विचारू?" गावात सगळे माझं ऐकायचे, पण माझ्याशी बोलणारी ती एकटीच. माझा तिच्यावर जीव होता, हे मी उघड सांगतो.

मग तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय येऊ लागली. सुईत दोरा ओवून घ्यायला ती येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना हाक मारू लागली.

वर्षातून एकदा गावात डोळ्यांची गाडी येते. मोठ्या दवाखान्याची. डोळे तपासतात, ज्यांना गरज आहे त्यांना घेऊन जातात आणि मोतीबिंदू काढून परत आणून सोडतात. त्या खेपेला गाडीत एकच जागा उरली होती आणि बायका दोन: शिवणआजी आणि शिपाईमामाची बायको. आजी म्हणाली, "तू जा गं. चुलीपाशी वावरतेस, कधी भाजून घेशील. माझे पाय मशीनवर आपोआप चालतात, मला काय धाड भरलीय?" मामी रडत रडत गाडीत बसली. डॉक्टर आजीला म्हणाले, "पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं. पण चुकवू नका हं, आजी. आणखी लांबलं तर आमच्या हातात राहणार नाही."

"चुकवीन कशाला?" आजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बसलाय ना वर, बोंबलायला!"

मित्रांनो, त्या दिवशी मी फुगून दुप्पट झालो असेन.

त्यानंतर पंचायतीत नव्या सरपंचबाई आल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. बाईंनी वर्षभरात जेवढं काम केलं तेवढं मी आधीच्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. उघडी गटारं बुजवून नळ्या टाकल्या. बंद पडलेले दिवे लागले. कचऱ्याची गाडी रोज फिरू लागली. पडीक खोलीत वाचनालय झालं, टेकडीच्या उतारावर रोपं लागली, आणि शिवणआजीच्या अगदी दारात नळ आला. बाई स्वतः चिखलात उभ्या राहून खोदाई बघायच्या.

मग एका बैठकीत माझा विषय निघाला. मुलांचा अभ्यास होत नाही, आजाऱ्यांची झोप मोडते, सकाळी सकाळी काय हा कलकलाट, असं सगळे म्हणाले. खोटं नव्हतं ते. तरुण कारकुनाने सुचवलं की गावाचा फोनवर एक ग्रुप करू; घरटी एक नंबर, सगळ्या सूचना तिथेच. टाळ्या पडल्या. शिवणआजी त्या बैठकीला नव्हती, कारण तिच्याच दारासमोर गटारासाठी चर खणला होता आणि तिला तो ओलांडता येत नव्हता. तिच्या घरचा म्हणून मुलाचा नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी माझी वायर काढली. मामाने माईक फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि वर बघून म्हणाला, "चल, तुलाही जरा आराम." भोंगा बंद झाला आहे ही सूचनाही, बघा हं, फोनवरच गेली.

मी शांत कसा बसलो ते माझं मला माहीत. वायर नसलेला भोंगा म्हणजे नुसतं पत्र्याचं नरसाळं. कबुतरांनी माझ्या तोंडात काड्या आणून टाकल्या. खाली गाव छान चाललं होतं, आणि खरं सांगतो, मला तेच जास्त लागलं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

अडत होतं ते फक्त निळ्या दारात. थंडी सुरू झाल्यावर आजीने एकदा मामाला थांबवून विचारलं, "अरे, हा हल्ली बोलत का नाही? गाडीच्या दिवशी तरी बोलेल ना?"

"अगं मावशी, आता सगळं फोनवर असतं," मामा म्हणाला. "तुझ्या लेकाला कळतं. तो सांगेल तुला."

"त्याला कुठली आठवण राहतेय! रस्त्यावर असतो तो," आजी पुटपुटली. मामाच्या दोन्ही हातांत रोपांना घालायच्या पाण्याच्या बादल्या होत्या. तो हसला आणि पुढे गेला.

गाडीची तारीख ठरली. कारकुनाने ग्रुपवर टाकली. आजीच्या मुलाने लगेच होकाराचा अंगठा टाकला. मामाने कारकुनाला मुद्दाम विचारलं, "मावशीला कळलंय ना?" कारकुनाने त्याला तो अंगठा दाखवला. मामाचा जीव भांड्यात पडला. गाडीच्या दिवशी तो सकाळीच टेकडीवर रोपांना पाणी घालायला गेला.

आणि मुलाला काय वाटलं? अंगठा देताना तो मनात म्हणाला, भोंगा सांगेलच की आईला. लहानपणापासून गावातल्या सगळ्या गोष्टी आम्हाला त्यानेच सांगितल्या. भोंगा बंद झाल्याची सूचना शंभर निरोपांच्या गर्दीत त्याने कधी वाचलीच नव्हती.

गाडी सकाळी आली. शाळेच्या मैदानात थांबली. मित्रांनो, माझ्या जागेवरून मैदानही दिसतं आणि निळं दारही दिसतं. मैदानात माणसं रांगेत उभी होती. आणि आजी ओसरीवर बसून कुणाच्या तरी सदऱ्याला चाचपत बटण लावत होती.

डॉक्टरांनी पहिलंच नाव तिचं पुकारलं. कुणी पुढे आलं नाही. कारकुनाने मुलाला फोन लावला, तो लागेना. "होकार आलाय म्हणजे तोच घेऊन येत असेल त्यांना," तो म्हणाला. "कुणीतरी घरी जाऊन बघा ना," नर्सबाई म्हणाल्या. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांनाच डोळ्यांची धास्ती होती. रांग सोडून जायचं धाडस कुणाला होईना. येतीलच त्या, असं म्हणून पुढचं नाव पुकारलं.

मी किती तडफडलो ते कुणाला दिसणार? मला फक्त एक वायर हवी होती. फक्त एक! "आजी, गाडी आलीय, चल ऊठ," एवढंच मला म्हणायचं होतं. जन्मभर मी शेळ्या हरवल्या, शेळ्या सापडल्या असं ओरडत आलो, आणि नेमकं त्या दिवशी माझ्या तोंडात कबुतराची पिसं होती.

दुपारी गाडी भरून निघाली आणि निघाली ती आजीच्या गल्लीच्या तोंडावरून. तो जड आवाज ऐकून आजीने मान वर केली. "कुठली गं ही गाडी?" तिने विचारलं, पण गल्लीत कुणीच नव्हतं. मग माझ्या दिशेने बघत म्हणाली, "काय रे, आज तरी बोल की."

संध्याकाळी मामा टेकडीवरून उतरला आणि त्याला कळलं. चिखलाच्या पायांनी तो धावत आजीकडे गेला आणि तिच्या पायरीवर मटकन बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामी त्याच्या मागोमाग आली होती. आजीने दिलेल्या जागेवर बसून जिचे डोळे बरे झाले, ती मामी. शेवटी तिनेच सांगितलं.

आजीने हातातली सुई चाचपत रिळात खोचली. मग म्हणाली, "असू दे. रडतेस काय वेड्यासारखी? पुढच्या वर्षी जाईन."

पण पुढच्या वर्षापर्यंत डोळ्यांनी दम धरला नाही. मामाने दवाखान्यात खेटे घातले, तारीख मिळवली. ती उजाडायच्या आधीच एके दिवशी आजीचा डोळा असा दुखायला लागला की ती भिंतीवर डोकं टेकून ओरडू लागली. सरपंचबाईंनी स्वतःच्या गाडीतून तिला नेलं. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीपासूनच फारसं दिसत नव्हतं. परत आल्यावर मामा पटांगणात उभा राहून कुणाशी तरी बोलत होता, ते मी ऐकलं. आत दाब वाढून नस मेली. दुखणं थांबलं, नजर गेली. आता काही करता येणार नाही.

वर्ष संपलं तशी गावसभा भरली. सरपंचबाई वर्षाच्या कामांचा अहवाल वाचत होत्या. गटारं झाली, टाळ्या. दिवे झाले, टाळ्या. पुढच्या ओळीत आजी मामीचा हात धरून बसली होती. "गावातल्या प्रत्येक घरापर्यंत सर्व सूचना..." एवढं वाचून बाई अडखळल्या. त्यांनी कागद खाली ठेवला. "हे मी वाचू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"वाच गं बाई, वाच," आजी म्हणाली. "बाकीचं तर खरं आहे. नळाला धार चांगली येते. मी रोज हात लावून बघते."

आजीचा मुलगा मागे उभा होता. तो रडत म्हणाला, "आई, मला वाटलं भोंगा सांगेल." कारकून मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं तुम्ही सांगाल." मामाने तोंडावर उपरणं घेतलं होतं.

आजीने सगळ्यांचे आवाज आले त्या त्या दिशेला मान वळवली. "म्हणजे माझी काळजी सगळ्यांनाच होती," ती म्हणाली. "माझ्या दारात तेवढं कुणी आलं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, मित्रांनो. राग असता तर बरं झालं असतं, निदान कुणाला माफी तरी मागता आली असती.

माझी वायर पुन्हा जोडली. फोनही चालू आहे, मीही चालू आहे. रोज नाही, जरुरीपुरता बोलतो. यंदा डोळ्यांची गाडी आली तेव्हा मामाने माईक हातात घेतला. फुंकर मारली, घसा खाकरला आणि "गावकऱ्यांनो, ऐका!" दोनदा म्हटलं. कशीबशी त्याने सूचना दिली. गल्लीगल्लीतून म्हातारीकोतारी माणसं मैदानाकडे निघाली.

आजी ओसरीवर होती. माझा आवाज कानावर पडताच ती सवयीने झटकन उठली आणि खांबाला धरून पायरीपर्यंत आली. मग तिला आठवलं. गल्लीतून जाणाऱ्यांची पावलं संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि नंतर हळूहळू, भिंत चाचपत, मागे जाऊन बसली. त्या दिवशी ती माझ्याशी काहीच बोलली नाही.

मित्रांनो, तुमच्या हातात माझ्यापेक्षा कितीतरी शहाणी यंत्रं येतील. जरूर वापरा. जुनं मोडीत काढायचं असेल तर तेही काढा, माझी तक्रार नाही. पण त्याआधी एकदा बघा, त्याच्या भरवशावर कोण बसलंय. निरोप धाडला म्हणजे तो पोहोचला, असं धरून चालू नका. तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल. आज शाळेतून घरी जाताना थोडी वाट वाकडी करा, पायरी चढा आणि विचारा, "आजी, तुम्हाला कळलं का?" मी कितीही ओरडलो तरी मला तिथवर जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत.