ओपा योसियासचा शेवटचा सूर

आमच्या चर्चच्या मंडळीत बाजाची पेटी नाही, शंख आहेत. इंडोनेशियातल्या अंबोन बेटाच्या किनाऱ्यावरच्या गावाला दुसरं काय परवडणार? एका शंखातून एकच सूर निघतो, म्हणून एका माणसाच्या वाट्यालाही एकच सूर येतो. तो येईपर्यंत गप्प उभं राहायचं, आला की फुंकायचं. बावीस वर्षं मी हा ताफा सांभाळतेय. माणसांना फुंकण्यापेक्षा थांबणं जड जातं. कुणी उशिरा फुंकलं की माझं डोकं फिरतं. सगळं गाव मला उसी, म्हणजे थोरली बहीण म्हणतं, पण शनिवारी सरावाला मी कुणाचीच बहीण नसते.

ओपा, म्हणजे आजोबा, योसियास सोपाकुआ यांचा सूर सगळ्यात खालचा. ईस्टरच्या गीतात तो चारदाच येतो, आणि चौथ्यांदा अगदी शेवटी, बापाचं घर दिसू लागलं या शब्दांवर. चाळीस वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नाही. बायको गेली त्या आठवड्यातही सरावाला हजर होते. मी विचारलं तर म्हणाले, ती पुढे पोचलीय, मी वाटेत बसून कसं चालेल?

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तोंड वाकडं झालं. पापेडा, म्हणजे साबूची चिकट पेज, खाताना ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा, आणि फुंकताना वाराही तिथूनच निसटायचा. तरी काठी टेकत आले. शंखातून नुसतं फूस.

"ओपा, चूल फुंकताय की शंख?" मासळीवाली कोस्तान्सा म्हणाली. सगळे हसले. ओपाही अर्ध्या तोंडाने हसले आणि पुन्हा फुंकायला लागले.

रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून ते फुंकत बसत. महिने गेले, सूर काही येईना. ईस्टर पंधरा दिवसांवर आला तेव्हा मी मन घट्ट करून त्यांच्या घरी गेले. म्हटलं, त्याच सुराचा दुसरा शंख कोस्तान्सा वाजवेल. तुम्ही आपला नुसता ओठाला लावून उभे राहा, कुणाला कळणार नाही.

"ज्याला कळायचं त्याला कळेल ना," ओपा म्हणाले.

"मग काय मंडळीला फूस ऐकवू?"

"ऐकव. कोस्तान्साला वाजवू दे, माझी हरकत नाही. पण बापाच्या त्या घरी निघालोय मी, उसी. पाय ओढत जाईन. चालल्याचं सोंग नाही करणार."

हट्टी म्हातारा, असं पुटपुटत मी परत आले. पण नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

ईस्टरच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. ओपांच्या सुराची पाळी आली, फूस. कोस्तान्साने सांभाळून घेतलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. चौथा सूरही कोस्तान्सानेच वाजवला, मी हात खाली घेतला आणि गीत संपलं.

सगळ्यांनी शंख उतरवले. ओपांनी नाही उतरवला. डोळे मिटून, गाल फुगवून ते फुंकतच होते. मी डोळे वटारले, पण बघतंय कोण! मंडळीने प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या. फूस. पाळकांनी "हे प्रभू" म्हटलं, आणि तेवढ्यात तो सूर आला.

थरथरता होता, पण पायाखालची फळी हादरेल एवढा. पाळक थांबले. कोस्तान्साच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. उशिरावरून बावीस वर्षं सगळ्यांना फाडून खाणारी मी, माझा हात आपोआप वर गेला. सगळ्यांनी पुन्हा शंख ओठाला लावले आणि ओपांचा श्वास पुरला तोवर आपापले सूर त्यांच्याबरोबर धरून ठेवले.

मग ओपांनी शंख उतरवला आणि बाहीने हनुवटी पुसली.

"उशीर झाला का गं?"

"नाही ओपा," मी म्हटलं. "आम्हीच लवकर संपवलं होतं."