नागशिळेची सुई

रविवारी गंजाडच्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. मांडवात शेंदूर फासलेली हिरवी शिळा होती, तिच्यावर सापाच्या कातडीसारखी नक्षी. मांडवातले बाबा चिमणबापू सांगत, की ही नागशिळा धरतीच्या पोटातून आपणहून वर आली आणि साप चावलेल्याचं विष ती ओढून घेते. खूण म्हणून ते दोऱ्याला बांधलेली सुई शिळेशेजारी धरत. सुई तिरकी होऊन शिळेकडे जाई. विष निघालं, असं बापू म्हणत, आणि माणसं हात जोडत.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या निर्मलाबाईंना यातलं काहीच पटत नव्हतं. इथे कुठेही विहीर खणली तरी लाव्ह्याचा काळा दगड लागतो. मग हा हिरवा कुठून आला? शिवाय शिळेच्या बुडाशी फुलांचा ढीग असे आणि तिथे बापू कुणाला हात लावू देत नसत. बरे झालेल्या तिघांकडे बाईंनी चौकशी केली. तिघांनाही धामण चावली होती, आणि धामणीला विषच नसतं. बाईंनी हे घरोघरी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा मांडव गाठला.

मग एका दुपारी गवत कापताना गावातल्या धाकली नावाच्या बाईला नाग चावला. तिचा नवरा शुक्रा तिला पाठीवर घेऊन थेट मांडवात गेला. कळताच बाई जीप घेऊन धावल्या. धाकलीच्या पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. शुक्रा मात्र सुईकडे बघत बसला होता.

“बाई, विष निघतंय. आता तिला हलवू नका,” तो म्हणाला.

मधेच उठवलं तर विष उलटेल, असं बापूंनीही बजावलं.

वाद घालण्यात वेळ जाईल, हे बाईंनी ओळखलं. “शुक्रा, तिला फक्त दहा पावलं लांब ने. मग तू म्हणशील तसं करू.”

तो घुटमळला, पण त्याने नेलं. बाईंनी बापूंच्या हातून दोरा काढून घेतला. शिळेजवळ आता साप चावलेलं कुणी नव्हतं, तरी सुई तशीच तिरकी झाली. मग सुईच्या जागी त्यांनी पितळेची किल्ली बांधली. ती सरळ लोंबत राहिली.

“आता इथे कुणाचं विष निघत होतं?” बाईंनी विचारलं. “दगडात लोहचुंबकी खनिज आहे. त्याच्याकडे सुई जाते, पितळ जात नाही.”

शुक्राने बापूंकडे पाहिलं. बापू नजर चुकवून फुलं सावरत होते. शुक्राने धाकलीला उचलून जीपमध्ये घातलं.

डहाणूच्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, तरी दोन दिवस तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. पाचव्या दिवशी तिने पेज मागितली, तेव्हा कुठे शुक्रा पोटभर जेवला.

इकडे गावकऱ्यांनीच शिळा उलटी केली. बूड करवतीने कापलेलं, सपाट. पोलिसांपुढे चिमणने सगळं कबूल केलं. गुजरातच्या सीमेवर अच्छाडजवळ एका ट्रकवाल्याने राजस्थानी हिरव्या फरशीच्या दगडाचा फुटका तुकडा टाकून दिला होता, तोच त्याने माळावर पुरला आणि मग ‘वर काढला’. सुई तो आधी चुंबकावर घासून ठेवायचा. त्याच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

त्यानंतर बाईंनी गावाला त्याच माळावर बोलावलं.

“हा दगड पृथ्वीच्या पोटातला आहे, एवढं चिमणचं खरं,” त्या म्हणाल्या. “आपल्या पायांखालच्या कवचाच्याही खाली, कित्येक कोस खोल, असा जड हिरवा खडक असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनी एकमेकींवर रेटल्या गेल्या, तेव्हा त्याचे काही तुकडे वर आले. वाटेत त्यात पाणी मुरलं. त्यातून ही सापासारखी नक्षी तयार झाली, आणि सुई ओढणारं काळं खनिजही. याच्यात नाग नाही आणि औषधही नाही. दगड कुठून आला, हे जरूर विचारा, तोडून बघा, शाळेत घेऊन या. पण साप चावला तर कुणालाही काही विचारत बसू नका. माणसाला उचला आणि दवाखाना गाठा.”